दारुहळद, पिवळा धोत्रा आणि डीएनएची चौपदरी घडी

गेल्या वर्षी पावसाळा उतरणीला लागला असताना आमच्या अमरावतीच्या चिकित्सालयात अकोला जिल्ह्यातील एक भगिनी आल्या. वय पन्नाशीच्या आतले. स्तनाच्या कर्करोगाचे शस्त्रकर्म झालेले, आणि पुढील केमोथेरपीच्या ठरलेल्या तारखांपैकी दोन त्यांनी जाणूनबुजून टाळलेल्या. कारण विचारता त्यांनी पिशवीतून दारुहळदीच्या कॅप्सूलची बाटली व तिच्यासोबत मिळालेले पत्रक काढून आमच्यापुढे ठेवले. "डॉक्टरसाहेब, हे औषध थेट जनुकावरच काम करते म्हन्ते, मंग ते केस घालवनारी सुई मी कायले घेऊ?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

पत्रकावरील वाक्य आमच्या परिचयाचे होते. परिचयाचे असणारच, कारण ते आमचेच होते. त्यापूर्वी काही महिने अकोल्यात वैद्यांच्या एका मासिक बैठकीत आम्ही दारुहळदीवर बोललो होतो. तिच्यातील बर्बेरिन हा पिवळा रेणू डीएनएच्या एका विशिष्ट रचनेस जाऊन बिलगतो, हे आम्ही नुकतेच वाचले होते. काही नवे सांगितल्याच्या आनंदात "म्हणजे आपली दारुहळद थेट जनुकावर काम करते" असे टाळीचे वाक्य आम्ही टाकून बसलो. श्रोत्यांत एक फार्मसीचालक होते. त्यांनी ते प्रामाणिकपणे टिपून घेतले व छापले. आम्ही जे अर्धवट सांगितले तेच त्यांनी पूर्ण समजले, यात त्यांचा दोष तो काय?

त्या भगिनींना आम्ही त्याच दिवशी, मुलाला समोर बसवून, त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांकडे परत पाठविले व तज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोलणेही करून दिले. उपचार पुन्हा सुरू झाले. हुकलेल्या दोन तारखा मात्र परत आणता आल्या नाहीत. प्रस्तुत लेख त्या वाक्याच्या दुरुस्तीसाठी आहे. त्यात खरे किती होते आणि आम्ही पदरचे किती घातले, हे वेगळे करून दाखविणे एवढेच येथे करावयाचे आहे. खरा असलेला भागही क्षुल्लक नाही, म्हणून थोडा विस्तार करावा लागेल.

घडी कशी पडते

डीएनए म्हटले की दोन पदरांचा पीळ डोळ्यांपुढे येतो, आणि तो बरोबरच आहे. परंतु दोराचा पीळ एखाद्या ठिकाणी सैल झाला की एक पदर सुटून स्वतःवरच दुमडतो, हे ज्याने बैलाचा कासरा हाताळला आहे त्यास सांगावयास नको. पेशीतही असेच घडते. जनुकाचे वाचन सुरू होताना तेथील पीळ उलगडतो. त्या जागी ग्वानिन या घटकाचे तीन-तीन, चार-चार मणी सलग आलेले असतील, तर सुटलेला पदर दुमडून चार ग्वानिन एकमेकांस धरतात व एक सपाट चौकट तयार होते. अशा दोन, तीन किंवा अधिक चौकटी एकावर एक चळतीसारख्या बसतात, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत पोटॅशियमचे आयन बसून ती चळत घट्ट धरतात. या रचनेस जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणतात. आपण तिला चौपदरी घडी म्हणू.

ग्वानिनयुक्त द्रव्याचे पाण्यात जेलीसारखे घट्ट रूप होते, हे १९१० सालीच नोंदले गेले होते. ते का होते याचा उलगडा मात्र १९६२ मध्ये अमेरिकेत क्ष-किरणांच्या साहाय्याने झाला. त्यानंतर कित्येक वर्षे ही प्रयोगशाळेतील गंमत समजली जात होती. चित्र पालटले ते मानवी जनुकसंचयाचा संपूर्ण पाठ हाती आल्यावर. २००५ साली संगणकाने शोध घेता, अशी घडी पडू शकेल अशा सुमारे पावणेचार लाख जागा मानवी डीएनएत सापडल्या. २०१५ साली प्रत्यक्ष डीएनएवर प्रयोग करून मोजले तेव्हा तो आकडा सात लाखांच्या वर गेला. त्या जागा वाटेल तशा विखुरलेल्या नाहीत. गुणसूत्रांच्या टोकांशी त्या आहेतच. शिवाय जनुकांच्या अगदी आरंभी, जेथे वाचन सुरू करावयाचे की नाही याचा निर्णय होतो त्या प्रमोटर नावाच्या भागात, त्यांची दाटी आहे. चेन्नईत जन्मलेले व केंब्रिज येथे काम करणारे शंकर बालसुब्रमण्यन यांच्या गटाने २०१३ साली खास घडविलेल्या प्रतिपिंडाच्या साहाय्याने या घड्या मानवी पेशींत चमकताना दाखविल्या. समोरच्या पदरावरही निराळ्या धर्तीची एक घडी पडते. तिला आय-मोटिफ म्हणतात, व ती जिवंत पेशीच्या केंद्रकात सिडनीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पाहिली.

आपल्या महाराष्ट्रातही यावर दीर्घकाळ काम चालले आहे, याची आपल्या वर्तुळात फारशी वार्ता नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. श्रीवत्सन यांच्या प्रयोगशाळेने डीएनएच्या मण्यांतच प्रकाश देणारी चिन्हे बसविली. घडी पडली की चिन्हाची चमक बदलते, आणि औषधी रेणू तिला बिलगला की पुन्हा बदलते. अशाच एका चिन्हाने त्यांनी २०१८ साली बेडकाच्या जिवंत अंडपेशीत गुणसूत्राच्या टोकाची घडी तपासून दाखविली. मुंबईच्या आयआयटीत डॉ. प्रदीपकुमार यांचा गट एकाच घडीस ओळखेल व दुसऱ्यांना सोडून देईल अशा लघुरेणूंच्या शोधात आहे. कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेत तर बर्बेरिन, पामॅटिन, सँग्विनरिन या वनस्पतिज क्षारद्रव्यांचे न्यूक्लिक आम्लांशी असलेले नाते कित्येक वर्षे मोजले गेले आहे. यांपैकी पहिले द्रव्य दारुहळदीत आहे, दुसरे गुळवेलीत. तिसऱ्याकडे आपण पुढे येऊ.

आता मुख्य प्रश्न. घडी पडली तर जनुकाचे काय होते? २००२ साली ॲरिझोना विद्यापीठातील लॉरेन्स हर्ले यांच्या गटाने एमवायसी या जनुकावर प्रयोग केला. हे जनुक पेशीला वाढण्याची आज्ञा देणारे; अनेक कर्करोगांत ते बेलगाम झालेले असते. त्याच्या आरंभी अशी एक घडी पडते. तिच्यातील एकच ग्वानिन बदलून घडी मोडली, तेव्हा जनुकाचे वाचन सुमारे तिप्पट वाढले; आणि घडीस घट्ट धरणारा एक लघुरेणू घातला, तेव्हा वाचन मंदावले. यावरून घडी म्हणजे जनुकाच्या दाराला लागलेली कडी व लघुरेणू म्हणजे त्या कडीत अडकविलेली खुंटी, असे सुटसुटीत चित्र तयार झाले. आम्ही बैठकीत सांगितले ते हेच.

परंतु चित्र इतके सुटसुटीत राहिले नाही. २०१६ साली मानवी पेशींतील घड्यांची प्रत्यक्ष मोजदाद झाली. तेव्हा त्या सुमारे दहा हजार भरल्या, आणि बहुतांशी जोरात वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या आरंभीच आढळल्या. पुढे असेही दिसले, की वाचन चालू करणारी अनेक प्रथिने या घड्यांवर येऊन बसतात. म्हणजे एके ठिकाणी जी कडी, ती दुसरीकडे दाराची मूठ ठरण्याचा संभव आहे. लघुरेणू घडीस बिलगला एवढ्यावरून जनुक बंद होईल की चालू राहील हे सांगता येत नाही. ते त्या जनुकावर, त्या पेशीवर आणि त्या क्षणी तेथे असलेल्या प्रथिनांवर अवलंबून राहते.

बर्बेरिनचे गुण आणि धोत्र्याचा धडा

बर्बेरिनचा रेणू सपाट आहे, त्याचा रंग पिवळा आहे आणि त्याच्या नत्राणूवर कायमचा धनभार आहे. ऋणभारित डीएनएच्या सपाट चौकटीवर बसण्यास याहून सोयीची अंगकाठी ती कोणती असावी! २०१३ साली इटलीतील संशोधकांनी मानवी टेलोमिअरच्या घडीवर बसलेल्या बर्बेरिनचा स्फटिक करून क्ष-किरणांनी पाहिला. पोळ्यांच्या चळतीवर झाकण ठेवावे तसा तो बाहेरच्या चौकटीवर पसरतो, आणि एकेका चौकटीवर एकाहून अधिक रेणू बसतात. २०२१ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात एमवायसीच्या घडीवर बसलेल्या बर्बेरिनची रचनाही उलगडली गेली. फार्मसीचालकांस एक गोष्ट रुचेल. बर्बेरिन नुसत्या पाण्यात फारच मंद चमकते, पण घडीवर बसले की त्याची चमक कितीतरी वाढते. टीएलसीच्या पट्टीवर ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली जो पिवळा पट्टा आपण दारुहळदीची ओळख म्हणून पाहतो, तीच चमक तेथे शास्त्रज्ञांस घडीचा पत्ता सांगते.

तेव्हा "बर्बेरिन डीएनएच्या चौपदरी घडीस बिलगते" हे वाक्य खरे आहे, आणि त्यात आम्हांस लाज वाटण्याजोगे काही नाही. घसरलो ते त्यापुढच्या "म्हणजे" या एका शब्दावर.

तो शब्द किती महाग पडू शकतो हे पाहण्यास वऱ्हाडाबाहेर जावयास नको. माघ-फाल्गुनात नाल्याच्या काठाने, पडीक वावरात, बांधाबांधावर काटेरी पानांची आणि पिवळ्याधमक फुलांची झुडपे दिसतात. तोडली की पिवळा चीक गळतो. हाच पिवळा धोत्रा. कित्येक ठिकाणी तो स्वर्णक्षीरी म्हणून विकला जातो. वस्तुतः ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून युरोपीय व्यापारामागोमाग इकडे आलेली आहे. संहिताकारांनी ती पाहिलेली असणे शक्यच नाही, त्यामुळे संहितेतील स्वर्णक्षीरी ती ही नव्हे. पण तो वाद पुन्हा केव्हातरी. या धोत्र्यात बर्बेरिन आहे आणि जोडीला सँग्विनरिनही आहे, विशेषतः बियांच्या तेलात. सँग्विनरिनचा रेणूही सपाट व धनभारित आहे, आणि चौपदरी घडीस तोही चांगला घट्ट बिलगतो.

आता आमचेच तर्कशास्त्र लावू. जो रेणू घडीस बिलगतो तो जनुकावर काम करतो, व जो जनुकावर काम करतो तो रोगाच्या मुळावर घाव घालतो, असे असेल तर धोत्र्याचे तेल हे महौषध ठरावयास हवे. प्रत्यक्षात त्याची भेसळ मोहरीच्या तेलात झाली तेव्हा १९९८ साली दिल्लीत तीन हजारांच्या आसपास माणसे आजारी पडली आणि साठाच्या आसपास दगावली. पायांवर सूज, धाप, अतिसार, त्वचेवर लाली, काहींना काचबिंदू. या विकारास साथीचा जलशोथ म्हणतात, आणि मोहरीशी साम्य असलेल्या त्या काळ्या बारीक बिया हे त्याचे कारण. सँग्विनरिन पेशीच्या भिंतीतील सोडियम-पोटॅशियमचा पंप रोखते व केशवाहिन्या सैल करते. घडीशी त्याचे कितीही सख्य असो, रोग्यास गाठते ते हे दुसरे काम. अमेरिकेतही सँग्विनरिनयुक्त एका निराळ्या मुळीचा अर्क दंतमंजनात व गुळण्यांच्या औषधात काही काळ वापरात होता. पुढे तोंडात पांढरे चट्टे उठण्याशी त्याचा संबंध जोडला गेला आणि तो मागे पडला.

एकच रेणू शरीरात एकाच जागी जाऊन बसत नाही. बर्बेरिनही चौपदरी घडीखेरीज साध्या दुपदरी डीएनएस बिलगते, आरएनएस बिलगते, पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या कामात ढवळाढवळ करते. काचेच्या नळीत फक्त घडी ठेवलेली असते, म्हणून तेथे तो घडीचाच रेणू वाटतो.

मात्रेचा हिशोब

हा भाग रुक्ष आहे. परंतु आमची चूक येथेच सर्वांत मोठी होती, म्हणून थांबून पाहावा.

पेशींवरील प्रयोगांत बर्बेरिन सामान्यतः १० ते १०० मायक्रोमोलर या प्रमाणात घातले जाते. आता रोग्याकडे पाहू. निरोगी व्यक्तींना ४०० मि.ग्रॅ. शुद्ध बर्बेरिन एकदा तोंडाने दिले असता रक्तातील सर्वोच्च पातळी मिलिलिटरमागे अर्ध्या नॅनोग्रॅमहूनही कमी आढळली. प्रयोगशाळेच्या भाषेत हे सुमारे एक नॅनोमोलर झाले, म्हणजे ताटलीतील किमान मात्रेच्या जवळपास दहाहजारावा भाग. आतड्याची भिंत शोषलेले बर्बेरिन बरेचसे परत कोष्ठात ढकलते, आणि जे पुढे सरकते त्यातील पुष्कळ यकृत बदलून टाकते. यकृतात मात्र ते रक्तापेक्षा अधिक साठते, हेही प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. स्तनातील अर्बुदाच्या पेशीपर्यंत, तिच्या केंद्रकापर्यंत व तेथील एका विशिष्ट घडीपर्यंत ताटलीत दिसला तसा परिणाम घडविण्याइतके बर्बेरिन पोचते, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. दारुहळदीच्या काष्ठात बर्बेरिन ढोबळमानाने २ ते ३ टक्के धरले, तर १० ग्रॅम भरडीच्या काढ्यात, सगळेच्या सगळे उतरले असे मानूनही, २०० ते ३०० मि.ग्रॅ. येते. त्या पत्रकाच्या बाटलीतील कॅप्सूलमध्ये तर नुसते चूर्ण होते.

येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. ज्या स्थानी द्रव्य थेट व दाट पोचते तेथेच दारुहळदीचा शास्त्रोक्त उपयोग ठळक आहे. तिच्या क्वाथात दूध आटवून केलेले रसांजन डोळ्यांत, मुखरोगांत, व्रणावर वापरतात. चरकाचार्यांनी तिला अर्शोघ्न, कण्डूघ्न व लेखनीय अशा तीन गणांत स्थान दिले आहे. कोष्ठातही ती रक्तात फारशी न जाता राहते. ढाका येथे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४०० मि.ग्रॅ. बर्बेरिनच्या एकाच मात्रेने इ. कोलायच्या जुलाबांत मलाचे प्रमाण घटले होते. लेखनीय गुणाचाही पडताळा मिळतो. २००४ साली चीनमध्ये ३२ रुग्णांना रोज एक ग्रॅम बर्बेरिन तीन महिने दिल्यावर एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे २५ टक्क्यांनी उतरले. यकृतपेशीत त्याचे जे कारण सापडले ते जनुकनियमनाचेच आहे, पण चौपदरी घडीचे नव्हे! एलडीएल ग्राहकाच्या जनुकावरून उतरवून घेतलेला आरएनएचा संदेश बर्बेरिनमुळे अधिक काळ टिकतो. मूळ पोथी जशीच्या तशी, तिची नक्कल तेवढी लवकर फाटत नाही.

चौपदरी घडीस धरणाऱ्या रेणूंपासून कर्करोगाचे औषध करण्याचे प्रयत्न अर्थातच चालू आहेत. सीएक्स-५४६१ हा रेणू मूळ वेगळ्या हेतूने घडविला गेला, पण घडीही घट्ट धरतो असे दिसून आले. कॅनडातील त्याच्या प्राथमिक चाचणीचा अहवाल २०२२ साली आला. डीएनए-दुरुस्तीची जनुके बिघडलेल्या काही रुग्णांत अर्बुद आटले. त्वचेला व डोळ्यांना प्रकाश सहन न होण्याचा त्रासही झाला. शिरेतून दिलेल्या, मोजून-मापून घडविलेल्या रेणूची ही कथा. या मार्गाने आलेले एकही औषध अजून कर्करोगासाठी बाजारात मान्यता पावलेले नाही.

फार्मसीचालकांशी दोन शब्द

आमची ती चूक छापणारे मित्र आम्हांस भेटले तेव्हा त्यांचा प्रश्न रास्त होता: "मग आम्ही लिहायचे तरी काय?" कर्करोग व मधुमेह ही दोन्ही नावे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे ती पत्रकावर येऊच नयेत, हे त्यांस ठाऊक होते. पण जनुक हा शब्द त्या अनुसूचीत नाही, आणि नेमक्या त्याच वाटेने कर्करोगाचा दावा आत शिरला.

आम्ही त्यांस सुचविले ते असे. वेष्टनावर काष्ठ की मूळ ते स्पष्ट लिहावे. दारुहळद आपल्याकडे उगवत नाही, ती हिमालयाच्या रांगांतून येते. तेव्हा माल कोठून आला याची नोंद ठेवावी. दक्षिणेकडील एका वेलीचे पिवळे काष्ठही त्याच नावाने बाजारात येते व त्यातही बर्बेरिन असते, म्हणून केवळ पिवळा पट्टा दिसला यावर समाधान न मानता काष्ठाची रचना तज्ज्ञांकडून पाहून घ्यावी. अकोल्यास कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, तेथील जाणकारांना विचारण्यात कमीपणा नाही. प्रत्येक घाण्याचे बर्बेरिनचे प्रमाण तपासून छापावे; ते संशयास्पद रीतीने चढलेले आढळले तर वरून शुद्ध बर्बेरिन मिसळले गेले आहे काय, हे पाहावे.

सावधगिरीच्या सूचना मात्र मोठ्या अक्षरांत हव्यात. बर्बेरिन बिलिरुबिनला अल्ब्युमिनवरून ढकलते, म्हणून गर्भिणी, स्तन्यदा व नवजात बालक यांना ते देऊ नये. नवजातांच्या कामलेच्या भीतीने सिंगापूरने १९७८ मध्ये बर्बेरिनयुक्त द्रव्यांवर बंदी घातली होती, ती २०१० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने उठली. जी-६-पीडीची उणीव असणाऱ्या बालकांत हा धोका अधिक, हे मेळघाटच्या पायथ्याशी व्यवसाय करणाऱ्या वैद्यांनी विसरू नये. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांत त्याची रक्तातील पातळी बर्बेरिनमुळे वाढलेली आढळली आहे. केमोथेरपीतील कित्येक औषधे यकृताच्या त्याच वाटेने जातात. म्हणून कर्करोगाच्या रुग्णास दारुहळद द्यावयाचीच असेल, तर त्याच्या तज्ज्ञांस कळवून द्यावी, आणि उपचाराच्या तारखांविषयी त्यास स्वतःहून विचारावे. आम्ही आता प्रत्येकास विचारतो.

मित्रांनी नवे पत्रक छापले. त्यात जनुक हा शब्द नाही. पुढच्या मासिक बैठकीत आम्ही उभे राहून आधीचे वाक्य मागे घेतले व त्या भगिनींची हकीकत नाव न घेता सांगितली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. तीन वैद्यांनी मात्र बैठक संपल्यावर थांबून जुने पत्रक आपल्याकडेही वाटले गेल्याचे सांगितले. कोणाकोणास ते दिले याची यादी करून त्या रुग्णांना एकेक दूरध्वनी करण्याचे काम सध्या चालू आहे. हा अंक हाती पडेल तेव्हा ज्या वाचकांच्या दुकानात तसले पत्रक शिल्लक असेल त्यांनी ते काढून टाकावे, व कोणास दिल्याचे स्मरत असेल तर आम्हांस अथवा थेट त्या रुग्णास अवश्य कळवावे.